चार मुलींची शाळा

रजिस्टरच्या त्या पानावर चारच नावे होती. पट्टी लावून आखलेल्या रकान्यांत निळ्या शाईने आठवीतल्या चार मुलींची नावे लिहिलेली होती, त्यांच्यापुढे जन्मतारीख, गाव, आईचे नाव आणि शेवटी ‘पहिला डोस’ व ‘दुसरा डोस’ असे दोन रकाने होते. पहिल्या रकान्यात तीन तारखा होत्या आणि दुसऱ्यात दोन. चौथ्या नावापुढचे दोन्ही रकाने रिकामे होते आणि समासात पेन्सिलने एकच शब्द लिहिलेला होता. त्याचा अर्थ मी तिथल्या नर्सला विचारला तेव्हा तिने सांगितले, की ते शेजारच्या बेटाचे नाव आहे. मुलगी सध्या तिथे असते.

हे २०१७ सालचे, फिजीच्या लोमाईविती द्वीपसमूहातल्या एका लहान बेटावरचे. मी मूळची बार्शी तालुक्यातली, शिक्षणाने नर्स. नवऱ्याला सुवा शहरात नोकरी लागली म्हणून २०१५ मध्ये आम्ही तिकडे गेलो आणि साडेचार वर्षे राहिलो. त्यातली दोन वर्षे मी एका प्रकल्पात तात्पुरते काम केले. काम सांगायला सोपे होते: किशोरवयीन मुलींना एचपीव्ही लस, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून वाचवणारी लस, दिल्याच्या नोंदी शाळेच्या हजेरीपटाशी ताडून पाहायच्या आणि कोण राहिले ते शोधायचे. प्रत्यक्षात त्यासाठी बोटीत बसावे लागे, आणि बोटीत बसल्यावरच मला कळले की ‘लसीकरणाचे प्रमाण’ या दोन शब्दांच्या पोटात काय काय दडलेले असते.

फिजीत तीनशेहून अधिक बेटे आहेत आणि त्यांपैकी शंभरेक बेटांवर वस्ती आहे. बहुतेक लोक विती लेवू आणि वानुआ लेवू या दोन मोठ्या बेटांवर राहतात. उरलेले लोमाईविती, कांदावू, लाऊ, यासावा अशा समूहांत विखुरलेले आहेत, आणि रोटुमा तर सुवापासून सहाशे किलोमीटरहून अधिक लांब उत्तरेला एकटेच आहे. या विखुरलेल्या बेटांवर दवाखाना म्हणजे बहुधा एक नर्सिंग स्टेशन असते. तिथे एक नर्स असते, आणि तिच्या हाताखाली गावागावांतली स्वयंसेवक बाई असते, जिला ‘नासी नी कोरो’ म्हणजे गावची नर्स असे म्हणतात. आपल्याकडच्या उपकेंद्रातली सिस्टर आणि आशाताई डोळ्यांपुढे आणल्या तर चित्र पुरेसे स्पष्ट होईल. फक्त दोन वाड्यांमधल्या रस्त्याच्या जागी समुद्र ठेवावा लागेल.

आमच्या भागात ज्याला बायका ‘पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर’ म्हणतात, तो गर्भाशयमुखाचा कर्करोग फिजीतल्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाखालोखाल आढळतो. तो बहुतांशी ह्यूमन पॅपिलोमा, म्हणजेच एचपीव्ही, या विषाणूमुळे होतो, आणि त्या विषाणूच्या १६ व १८ क्रमांकांच्या दोन प्रकारांवर जगभरातल्या सुमारे ७० टक्के रुग्णांचा भार आहे. लस या प्रकारांना अडवते, पण झालेला संसर्ग ती काढून टाकू शकत नाही; म्हणून ती संसर्गाची शक्यता निर्माण होण्याआधी, नऊ ते चौदा या वयात देतात. बेटावरच्या बाईसाठी या ‘आधी’ला वेगळेच वजन आहे. गर्भाशयमुखाची तपासणी करायची तर तिला मोठ्या बेटावर जावे लागते. दोष आढळला तर पुन्हा जावे लागते. आजार पुढे गेलेला असेल तर मी तिथे होते त्या काळात रेडिओथेरपीसाठी देशाबाहेर पाठवावे लागे, आणि असे कित्येक रुग्ण भारतातच येत. सुवाच्या बाजारात भाजी विकणाऱ्या एका बाईने मला मी कुठली असे विचारले आणि भारताचे नाव ऐकताच ‘माझी बहीण तिकडे उपचाराला गेली होती’ असे सांगितले. बहिणीचे पुढे काय झाले हे तिने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

फिजीने या लसीची सुरुवात तशी लवकर केली. २००८-०९ मध्ये देणगी म्हणून आलेली लस तिथल्या नऊ ते बारा वर्षांच्या सुमारे तीस हजार मुलींना शाळाशाळांतून देण्यात आली. त्यानंतर मध्ये खंड पडला आणि २०१३ पासून आठवीच्या मुलींसाठी ही लस राष्ट्रीय लसीकरणात आली. सुरुवातीच्या काळात जगभर तीन डोस देत असत. २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने लहान वयाच्या मुलींसाठी दोन पुरेसे असल्याचे सांगितले. मी काम करत होते तेव्हा सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस, असे वेळापत्रक होते. कागदावर यात काहीच अवघड दिसत नाही.

आता त्या बेटावरची एक खेप सांगते.

ज्या दिवशी निघायचे त्या पहाटे नर्सने शीतपेटीतून आइसपॅक काढून टेबलावर ओळीने मांडले आणि ती थांबली. मला वाटले, बोट चुकेल. ती मात्र दर काही मिनिटांनी एकेक आइसपॅक उचलून कानाशी धरून हलवत होती. आत पाण्याचा खळखळ आवाज आला की तो बाजूला ठेवायचा, नाही आला तर परत टेबलावर. हे मी बार्शीजवळच्या उपकेंद्रात शेकडो वेळा केलेले होते, तरी त्या अनोळखी ठिकाणी ती ओळखीची हालचाल पाहून मला भरून आले. लस उन्हाने बिघडते हे सर्वांना ठाऊक असते. पण एचपीव्हीची लस गोठली तरी निकामी होते, कारण तिच्यातल्या ॲल्युमिनियमच्या क्षाराच्या गुठळ्या होतात, आणि अशी लस टोचूनही तिचा भरवसा राहत नाही. म्हणून फ्रीजरमधून काढलेला दगडासारखा आइसपॅक थेट लसीशेजारी ठेवायचा नसतो. दोन ते आठ अंश, या पट्ट्यातच लस राहिली पाहिजे. मोठ्या बेटावर हे सांभाळायला वीज असते. लहान बेटावर सौरऊर्जेवरचा फ्रीज असतो किंवा नसतो, आणि नसेल तर पेटी उघडल्यापासून परत येईपर्यंतचा सगळा हिशेब त्या खळखळणाऱ्या बर्फावर चालतो.

बोट म्हणजे फायबरची, मागे इंजिन लावलेली होडी. लसीची पेटी ताडपत्रीत गुंडाळून नर्सने दोन्ही पायांमध्ये धरली आणि समुद्र खवळला तेव्हा आपला तोल सांभाळण्याआधी तिने पेटीवर हात ठेवला. दीड तासाने आम्ही पोहोचलो, पण पोहोचलो म्हणजे काम सुरू झाले असे नव्हते. गावात शिरायचे तर आधी गावप्रमुखाकडे जाऊन ‘सेवूसेवू’ करावे लागते: यांगोनाच्या सुकवलेल्या मुळांची जुडी त्याच्यापुढे ठेवायची, आपण कोण, कशासाठी आलो ते सांगायचे आणि त्याने ती स्वीकारून टाळ्या वाजवून होकार दिला की मगच पुढे जायचे. पहिल्या वेळी मला यात वेळ जातो असे वाटले होते. नंतर लक्षात आले की याच वेळात गावाचा होकार मिळतो. प्रमुखाने विचारलेले प्रश्न आणि नर्सने दिलेली उत्तरे भिंतीशी बसलेल्या बायका ऐकत असतात, आणि संमतिपत्रावर सही करायची की नाही हे त्यांचे बहुतेक तिथेच ठरते. आपल्याकडे ग्रामसभेत किंवा देवळाच्या पारावर जे ठरते ते नंतर घरोघरी जाऊन बदलता येत नाही, तसेच हे.

शाळेत आठवीच्या चार मुली. तीन हजर. तिघींना लस दिली, अर्धा तास बसवून ठेवले, एकीला घेरी आली तिला झोपवले, ओला रुमाल कपाळावर ठेवला. चौथी मुलगी आली नव्हती. शिक्षकांनी सांगितले की तिच्या मावशीला बाळ झाले आहे आणि मदतीसाठी ती शेजारच्या बेटावर गेली आहे. ती शाळेत परत येईल की नाही हे त्यांना सांगता येईना.

चारांपैकी तीन म्हणजे ७५ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या उच्चाटनाचे जे धोरण मांडले, त्यातले पहिले उद्दिष्ट २०३० पर्यंत पंधरा वर्षांच्या आतल्या ९० टक्के मुलींचे लसीकरण हे आहे. चार मुलींच्या शाळेत ९० टक्के गाठायचे तर चारही मुलींना लस मिळाली पाहिजे, कारण तीन आणि चार यांच्यामध्ये दुसरा आकडाच नाही. एक मुलगी मावशीकडे गेली तर ती शाळा उद्दिष्टाच्या खाली जाते. याच हिशेबाची दुसरी बाजू मात्र मला अधिक अस्वस्थ करत आली आहे. २०१७ च्या जनगणनेत फिजीची लोकसंख्या ८,८४,८८७ होती आणि लोमाईविती, लाऊ, कांदावू व रोटुमा ही सगळी बेटे ज्यात येतात त्या पूर्व विभागात जेमतेम ३७ हजार माणसे होती, म्हणजे चार टक्क्यांच्या आसपास. याचा सरळ अर्थ असा, की त्या साऱ्या बेटांवर एकाही मुलीला लस मिळाली नाही तरी देशाचा आकडा चारेक टक्क्यांनीच खाली येईल, आणि उरलेल्या भागात काम चोख झालेले असेल तर नव्वदीचे उद्दिष्ट गाठल्याचे पत्रकही निघेल. म्हणजे एका पानावर चार मुलींपैकी एकीचे नसणे फार मोठे दिसते आणि दुसऱ्या पानावर बेटेच्या बेटे नसली तरी दिसत नाहीत. सरासरीचा उपयोग मी नाकारत नाही. पण बेटांच्या देशात प्रत्येक बेटाचा आकडा वेगळा मांडल्याशिवाय आणि त्या आकड्यामागची नावे समोर असल्याशिवाय सरासरीवर विश्वास ठेवू नये, असे माझे ठाम मत झाले आहे.

टक्केवारी काढताना छेद काय धरायचा, म्हणजे एकूण मुली किती मोजायच्या, हाही प्रश्न तिथे सतत पडे. बाळांच्या लसीकरणात बाळ आईजवळ असते आणि आई कुठे आहे हे गावाला माहीत असते. तेरा वर्षांच्या मुलीचे तसे नसते. लहान बेटांवरच्या कित्येक मुली शिक्षणासाठी मोठ्या बेटावरच्या वसतिगृहात किंवा नातेवाइकांकडे राहतात. तिची जन्मनोंद एका बेटावर, शाळा दुसऱ्या बेटावर आणि संमतिपत्रावर सही करणारे आईवडील पहिल्याच बेटावर. संमतीचा कागद वसतिगृहातून निघून बोटीने घरी जाऊन सही होऊन परत येईपर्यंत लस देणारे पथक येऊन गेलेले असते. अशी मुलगी गावच्या नर्सच्या यादीत ‘बाहेर गेली’ म्हणून वगळली जाते आणि शाळेच्या यादीत ‘संमती नाही’ म्हणून राहते. मी ताडून पाहिलेल्या नोंदींमध्ये ‘संमती नाही’ या शेऱ्याचा अर्थ बऱ्याचदा नकार नव्हताच. कागद परत आलेला नव्हता एवढेच. शाळा सोडलेली मुलगी तर कुठल्याच यादीत नसते, कारण ही लस शाळेत मिळते आणि ती शाळेत नाही.

आता दुसऱ्या डोसाचे. फिजीचे शैक्षणिक वर्ष जानेवारीच्या शेवटी सुरू होते आणि वर्षअखेरीस संपते. चक्रीवादळांचा काळ नोव्हेंबर ते एप्रिल. पहिला डोस वर्षाच्या सुरुवातीला द्यावा तर वादळाचे दिवस असतात, बोटी बंद असतात. तो पुढे ढकलला तर सहा महिन्यांनंतरचा दुसरा डोस वर्षाच्या अगदी अखेरीस, परीक्षांच्या आणि पुन्हा वादळाच्या तोंडावर येतो. आणि आठवी हे तिथे प्राथमिक शाळेचे शेवटचे वर्ष असते. नववीसाठी मुलगी दुसऱ्या शाळेत, बहुधा दुसऱ्याच बेटावर जाते. म्हणजे आठवीत दुसरा डोस हुकला की ती मुलगी हातातून गेली. २० फेब्रुवारी २०१६ ला विन्स्टन हे चक्रीवादळ आले. फिजीला धडकलेल्या, नोंद असलेल्या वादळांतले ते सर्वांत जोरदार. ४४ माणसे गेली आणि कोरोसारख्या बेटांवर घरांचे पत्रे उडाले तसे शाळांचेही उडाले. त्या वर्षीच्या रजिस्टरांची पाने मी पुढे पाहिली. काही पानांवर पाणी सुकल्याचे डाग होते आणि शाई पसरून तारखा वाचता येत नव्हत्या. त्या मुलींना डोस मिळाला होता की नाही हे सांगणारा दुसरा कुठलाच कागद नव्हता.

त्यामुळे पहिल्या आणि दुसऱ्या रकान्यातला जो फरक मी प्रत्येक बेटावर पाहत होते, त्याला वरच्या बैठकांमध्ये कधी कधी ‘पालकांची उदासीनता’ म्हटले जाई तेव्हा मला राग येई. ज्या आईने पहिल्या डोसाला सही दिली तिचे मन सहा महिन्यांत फिरले होते, असे मला क्वचितच आढळले. बोट आली नव्हती, मुलगी गेली होती, नर्सची बदली झाली होती, लस संपली होती. कारण शोधायला गेले की कारण सापडत असे, आणि ते बहुतेक वेळा घराबाहेरचे असे.

याचा अर्थ आयांना शंका नव्हत्या असा नाही. होत्या, आणि त्या माझ्या ओळखीच्या होत्या. ‘हिला पुढे मूल होईल ना?’ हा पहिला प्रश्न. ‘एवढ्या लहानपणी कशाला?’ हा दुसरा. ‘मुलग्यांना का नाही?’ हा तिसरा, आणि तो विचारणारी आई हुशार होती, कारण विषाणू मुलग्यांनाही होतो आणि काही देश त्यांनाही लस देतात. नर्स सगळ्यांना शांतपणे उत्तर देई: लसीत जिवंत विषाणू नसतो, त्याच्या कवचासारखा दिसणारा प्रथिनाचा तुकडा असतो, मूल होण्याशी तिचा काही संबंध नाही, आणि लहानपणी दिली की शरीर अधिक चांगली तयारी करते. ती हे चटईवर बसून सांगे, ईतौकेई म्हणजे मूळ फिजीवासीयांच्या भाषेत, आणि मध्येच त्या बाईच्या सासूची चौकशी करे. लहान बेटावर नर्स म्हणजे कोणाची तरी चुलत बहीण असते. विश्वास त्यातून येतो आणि तो गेला तर तोही त्याच वेगाने, घराघरांतून जातो.

तो जातो कसा हे शेजारच्या सामोआत दिसले. जुलै २०१८ मध्ये सवाई बेटावर दोन बाळे गोवराची लस दिल्यानंतर काही मिनिटांत दगावली. लसीत दोष नव्हता. लसीची भुकटी पाण्याऐवजी चुकून स्नायू शिथिल करणाऱ्या औषधात मिसळली गेली होती. पण लसीकरण कित्येक महिने थांबले, लोकांचा धीर खचला, आणि २०१९ च्या अखेरीस गोवराची साथ आली तेव्हा जेमतेम दोन लाखांच्या त्या देशात ८३ माणसे मेली. त्यांतली बहुतेक पाच वर्षांखालची मुले होती. त्या आठवड्यांत फिजीतही गोवराचे रुग्ण निघाले आणि नर्सिंग स्टेशनांपुढे रांगा लागल्या. आमच्या एचपीव्हीच्या ठरलेल्या खेपा तेव्हा मागे पडल्या, आणि ते योग्यच होते. फक्त त्या वर्षीच्या आठवीच्या मुली पुढच्या वर्षी आठवीत राहणार नव्हत्या.

इथे मला बार्शीकडे यायचे आहे, कारण या गोष्टीचा एक धागा माझ्या तालुक्यातून जातो आणि तो फार कमी लोकांना माहीत आहे.

माझी आत्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातल्या एका गावात दिलेली. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाची गाडी गावात आली की बायका एकमेकींना हाका मारत जमत, आणि आत्या पदर तोंडाशी धरून पण ठाम पावलांनी तपासून घ्यायला गेल्याचे मला आठवते. पुढे शिकत असताना कळले की उस्मानाबाद जिल्ह्यातल्या ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांवर झालेला तो जगातला एक मोठा अभ्यास होता. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्याने कमी होतात, हे त्यातून २००९ मध्ये जगापुढे आले. त्याच वर्षी भारतात लसीचा अभ्यास सुरू झाला: दोन डोस तीन डोसांइतकेच पुरतात का, हे पाहण्यासाठी नऊ केंद्रांवर वीस हजार मुलींना लस द्यायची होती. बार्शी आणि पुणे ही त्यांतली दोन केंद्रे. एप्रिल २०१० मध्ये आंध्र आणि गुजरातमधल्या एका वेगळ्या लसीकरण प्रकल्पावरून वाद उठला. तिथे काही मुलींचे मृत्यू झाले होते; चौकशीत ते लसीमुळे झाल्याचे दिसले नाही, पण संमती कशी घेतली गेली यावर गंभीर आक्षेप आले, आणि ते रास्त होते. सरकारने सगळ्या अभ्यासांतले एचपीव्ही लसीकरण थांबवले. नऊ केंद्रांवर तोवर सुमारे १७,७०० मुलींना लस मिळाली होती, आणि त्यांतल्या जवळजवळ पाच हजार मुलींना एकच डोस मिळालेला होता. पुढचा डोस द्यायला परवानगीच उरली नाही.

त्या मुलींचा पाठपुरावा मात्र संशोधकांनी सोडला नाही. २०२१ मध्ये दहा वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: १६ आणि १८ या प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून एका डोसाने मिळालेले संरक्षण ९५ टक्क्यांच्या घरात होते, दोन आणि तीन डोसांच्या तोडीचे. आणि नेमके असेच काहीसे फिजीतही घडले होते. २००८-०९ मध्ये ज्या मुलींना तीनपैकी एक किंवा दोनच डोस मिळाले, त्यांच्यातल्या काहींना सहा वर्षांनी तपासले तेव्हा एका डोसाच्या मुलींमध्ये प्रतिपिंडे कमी असली तरी शरीराची स्मृती शाबूत असल्याचे दिसले. आठेक वर्षांनी तरुण गर्भवती स्त्रियांच्या तपासणीत, एकच डोस मिळालेल्यांमध्येही या दोन प्रकारांचा संसर्ग लस न मिळालेल्यांपेक्षा खूपच कमी आढळला. केनियासारख्या इतर ठिकाणच्या चाचण्यांची त्यात भर पडली आणि डिसेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ९ ते २० वर्षांच्या मुलींसाठी एक डोसही चालेल अशी भूमिका प्रसिद्ध केली.

मला हे वाचताना फार वेळ पुढे जाता आले नाही. ज्यांना प्रत्येक अहवालात ‘अपूर्ण लसीकरण’ या सदरात टाकले जात होते, त्याच मुलींनी एक डोस पुरतो हे दाखवून दिले. त्यांना कोणी तसे विचारले नव्हते. बार्शी तालुक्यातल्या ज्या मुलीचा दुसरा डोस सरकारी आदेशाने अडला आणि फिजीतल्या ज्या मुलीचा तो बोट न आल्याने अडला, त्या एकमेकींना कधी भेटणार नाहीत; पण एका डोसाने दुसरी खेप वाचते, दुसरा इंधनाचा खर्च वाचतो, त्याच कुप्यांत दुप्पट मुली होतात, याचे श्रेय दोघींचे आहे. याच कारणाने मला असेही वाटते, की अशा अभ्यासांतल्या मुलींना, आता त्या पंचविशी-तिशीच्या बाया झाल्या असतील, गावात परत जाऊन निष्कर्ष त्यांच्या भाषेत सांगितले गेले पाहिजेत.

एका डोसाने सगळे सुटले असे मात्र मी म्हणणार नाही. दुसरी खेप वाचली म्हणून पहिलीचे महत्त्व दुप्पट झाले आहे. त्या दिवशी जी मुलगी शाळेत नाही तिला आता दुसरी संधीही वेळापत्रकात राहत नाही. म्हणून वाचलेल्या खेपेचे पैसे आणि दिवस राहिलेल्या मुलींना शोधायला राखून ठेवावेत: वसतिगृहात जायला, शाळा सोडलेल्या मुलीच्या घरी जायला, परत न आलेला संमतीचा कागद आणायला. हे पैसे वाचल्याचे दाखवून कुठे दुसरीकडे वळवले गेले तर बेटांवरचा दुसरा रकाना जाईल, पण पहिल्यातल्या रिकाम्या जागा तशाच राहतील.

त्या चौथ्या मुलीकडे नर्स गेली होती. मी तेव्हा सुवाला परतले होते. महिन्याभराने तिने मला रजिस्टरच्या पानाचा फोटो पाठवला. शेजारच्या बेटावर लहान बाळांच्या लसीकरणाची खेप होती, त्या होडीत तिने एक जादा कुपी नेली होती. मुलीची आई बरोबर होती, सही तिथेच झाली. समासातला पेन्सिलचा शब्द तिने खोडला नव्हता, आणि पहिल्या रकान्यात निळ्या शाईने तारीख होती. दुसरा रकाना मी फिजी सोडले तोपर्यंत रिकामाच होता, आणि मला तो अधूनमधून आठवत राहिला.

२०२२ च्या डिसेंबरात ती बातमी वाचली तेव्हा मी बार्शीत आईकडे होते. मी नर्सला लिहिले, एका डोसाबद्दल सगळे सविस्तर कळवले. तिचे उत्तर दुसऱ्या दिवशी आले, एका ओळीचे. त्या मुलीचे नाव लिहून तिने विचारले होते, ‘मग हिचे पूर्ण झाले असे धरायचे का?’

‘हो,’ असे मी लिहिले, आणि तिच्या नावासकट लिहिले.